तीर्थपुरीच्या अलीकडे धातूचा हायड्रोजन

मानवजातीच्या इतिहासात पाषाणयुग झालं, ताम्रयुग झालं, लोहयुग तर अजून गंजत गंजत चालूच आहे. त्यानंतरचं युग जालना जिल्ह्यात, तीर्थपुरीच्या अलीकडे सहा किलोमीटरवर, डाव्या हाताला सुरू होणार होतं. तशी पाटीच लागली होती. पाटीवर मोठा बाण होता आणि बाणाखाली पुसट अक्षरांत ‘शौचालय’ असंही वाचता येत होतं, कारण पाटी आधी दुसऱ्या कामासाठी रंगवलेली होती.

या युगाला मी जबाबदार आहे असं कळल्यामुळे यंदाच्या जानेवारीत मी नाशिकहून तिकडे गेले.

एकतीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत विज्ञानाविषयी लिहू लागले. त्यात एकदा धातुरूप हायड्रोजनवर लिहिलं. हायड्रोजन हा वायू, पण मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याचं घर अशा इमारतीत आहे जिथे खालच्या सगळ्या मजल्यांवर धातूच राहतात. पुरेसं दाबलं तर हाही धातू होईल, असं शास्त्रज्ञ गेली नव्वद वर्षं म्हणत आले आहेत. गुरू ग्रहाच्या पोटात तो आहे, याबद्दल फारसं दुमत नाही. पृथ्वीवर तो करता आला आणि टिकला, तर त्यातून वीज कणभरही वाया न जाता वाहील आणि त्याच्याइतकं जोरकस रॉकेटचं इंधन दुसरं नसेल. हे सगळं मी हुरळून लिहिलं, पण मास्तरकीची सवय म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘कदाचित’ घातलं. एकूण सात वेळा.

लेख कुणीतरी मोबाइलवर टंकून पुढे पाठवला. टंकणाऱ्याला ‘कदाचित’ हा शब्द जागा अडवणारा वाटला असावा. सातही गेले. उरलेला मजकूर फिरत फिरत एका प्रस्तावित कंपनीच्या प्रस्तावित संचालकांच्या हाती पडला आणि त्यांनी त्याचं रंगीत पत्रक छापलं. पत्रकावर माझं नाव ‘थोर शास्त्रज्ञ’ या पदवीसह होतं आणि फोटो माझ्या भाचीच्या लग्नातला होता. त्यात मी गजरा माळून जिलबीकडे बघते आहे.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मग एके दिवशी सकाळी फोन आला.

“मॅडम, त्या हायड्रोजनवाल्या तुम्हीच का?”

“हो. आपण कोण?”

“मी भागवत बोलून राह्यलो, तीर्थपुरीच्या इकडून. एकच विचारायचं व्हतं. बाग काढू का?”

“कसली बाग?”

“मोसंबीची. तीनशे झाडं हायेत. कंपनी म्हणते, बाग काढून जमीन द्या, तिथं हायड्रोजनचा धातू बनवू. तुम्हीच लिहिलंय म्हणून विचारलं.”

मी घाईघाईने सांगू लागले की तसं मी लिहिलेलं नाही. भागवतरावांनी शांतपणे पत्रकातली चार वाक्यं मला पाठ म्हणून दाखवली. माझीच होती. फक्त ‘कदाचित’ नव्हते.

“राजूरच्या गणपतीला जाऊन आल्तो,” ते म्हणाले. “त्यालाबी विचारलं. तो काही बोलला न्हाई. मंग म्हणलं, जिनं लिहिलं तिलाच बोलवावं. झाडांना ताण दिलेलाय मॅडम, जल्दी या.”

ताण म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं नाही. ‘जल्दी’ मात्र कळलं.

जालना

स्टेशनवर मला घ्यायला इकबालभाई आले होते. भागवतरावांचे शाळेपासूनचे मित्र. औद्योगिक वसाहतीत त्यांचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, पंप, ट्रॅक्टर, जे येईल ते. वय साठीचं, दाढी पांढरी, आणि चेहरा अखंड काहीतरी उघडून बघायच्या तयारीत असलेला. माझी बॅग त्यांनी उचलली आणि हँडल ढिलं आहे, हे गाडीत बसायच्या आत सांगितलं.

जालना हे लोखंडाचं गाव. रस्त्यावर एकामागून एक ट्रक, ट्रकांवर सळ्या, सळ्यांना मागे लाल फडकं. नाशिकला पाहुणा आला की आम्ही द्राक्षं आणि मंदिरं दाखवतो. इथे पाहुण्याला थेट वर्कशॉपमध्ये नेतात आणि प्रेस दाखवतात. इकबालभाईंचा हायड्रॉलिक प्रेस पंधरा टनांचा. त्यावर बेअरिंग बसवतात. त्यांनी एक जाड बोल्ट त्यात धरला, दांडा मारला आणि बोल्ट पोळीसारखा चपटा करून, गरम असतानाच, माझ्या हातात ठेवला. मी ओरडले. एवढं एकच माझ्या प्रवासातलं शास्त्रीय निरीक्षण.

“आता सांगा मॅडम,” ते म्हणाले, “तुमच्या हायड्रोजनला किती टन लागतंय?”

“टनांचा प्रश्न नाही. दाब किती छोट्या जागेवर देता, त्याचा आहे.” मी फळा शोधू लागले. फळा नव्हता, म्हणून लेथच्या धुळीत बोटाने काढलं. दोन हिरे, टोकाला टोक. टोक केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. मध्ये चिमूटभरही नाही इतका हायड्रोजन. आणि हिरे एकमेकांकडे सरकवायला स्क्रू.

“स्क्रू?” इकबालभाई ताठ झाले. “हातानं फिरवायचे?”

“हातानंसुद्धा चालतं. सगळं यंत्र तळहातात मावतं.”

“आणि दाब?”

“पृथ्वीच्या मध्यावर असतो त्यापेक्षा जास्त.”

इकबालभाईंनी खिशातून पाना काढला, त्याच्याकडे नव्या आदराने पाहिलं आणि विचारलं, “कितीचा पाना लागतो?”

मला नव्वद वर्षांच्या संशोधनात पान्याचा आकार कुठे वाचल्याचं आठवेना. माझ्या थोर शास्त्रज्ञपणाला पहिला तडा तिथे गेला. त्या माणसाचा आनंद मात्र बघण्यासारखा होता. पृथ्वीच्या पोटातला दाब एका पान्याच्या अंतरावर आहे, हे ते दुपारभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते. गिऱ्हाइकं पंप घ्यायला आलेली. त्यांनी दाब ऐकला, चहा घेतला आणि पंप झाला का, असं विचारलं.

अंकुशनगरवरून

दुसऱ्या दिवशी सकाळी इकबालभाईंच्या घरी खिचडी-खट्टा झाला. मसुराची पिवळी खिचडी आणि वर चिंच-तिळाचं आंबट पाणी. नाशिकला सकाळी मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढतात, इथे खट्टा पिऊन डोळे मिटतात. त्यांच्या बेगमनी मला तिसऱ्यांदा वाढलं आणि घरात उर्दूत काहीतरी म्हणाल्या. इकबालभाईंनी भाषांतर केलं: “विचारून राह्यली, शास्त्रज्ञ इतकंच खातात का?”

एक पंप पोचवायचा होता म्हणून आम्ही वाट वाकडी करून अंबडवरून अंकुशनगरला गेलो. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात. एक ट्रॅक्टर, त्याला उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्याच्या मागे आम्ही. अर्धा तास उसाच्या शेंड्यांकडे बघत आणि मळीचा वास घेत गेलो. ट्रॅक्टरवर इतक्या मोठ्याने गाणं लावलेलं की आमचा हॉर्न त्यात तालाला बसत होता. पुढे जायला जागा मिळाली तेव्हा ड्रायव्हरने आम्हाला एक ऊस दिला. तो सोलायच्या नादात माझ्या चष्म्याची काडी तुटली. इकबालभाईंनी गाडी थांबवून ती बारीक तारेने बांधली. पुढचे सगळे समारंभ मी त्या चष्म्यातून पाहिले. फोटोंत तार चमकते आहे. एका फोटोखाली कुणीतरी लिहिलं आहे, ‘मॅडमकडे धातूचा नमुना’.

बाग

भागवतराव बांधावर उभे होते. पन्नाशीतले, उंच, पांढऱ्या शर्टच्या खिशात घडी घातलेलं पत्रक. त्यांनी वाकून नमस्कार केला. मला संकोच वाटला. ते मात्र आनंदाने फुलून गेले होते.

“बारावीला सायन्स घेतलं व्हतं मी,” चालता चालता ते म्हणाले. “फिजिक्सला सगळ्यात जास्त मार्क. मंग वडील गेले अन् शेतीत आलो. पण मॅडम, गुरूवर जे हाय ते आपल्या वावरात होणार, म्हणजे काय! रात्री गुरू दिसतो न, मी त्याच्याकडे बघून म्हणतो, थांब जरा.”

त्यांची टिंगल करायचा बेत करून मी आले होते. तो मी तिथेच बांधावर सोडला. ‘थांब जरा’ हे वाक्य मलाही सुचलं असतं, तर लेखात घातलं असतं.

मग मी झाडं पाहिली. तीनशे झाडं, पानं फिकी, कडा वळलेल्या. खाली पिवळ्या पानांचा सडा. पायाखाली जमीन भेगाळलेली.

“ही मरतायत का?” मी विचारलं.

“मरत न्हाईत. ताणात हायेत,” मागून आवाज आला. सुमनताई. भागवतरावांच्या पत्नी. डोक्यावर पदर, हातात विळा, आणि माझ्याकडे बघण्याची तऱ्हा अशी की माझं भाचीच्या लग्नातलं रूपच बरं होतं असं वाटावं.

“यांना सांग ताण काय असतो ते,” भागवतराव म्हणाले.

“तुम्हीच सांगा. तुम्हीच लांबवलाय.”

तरी सांगितलं सुमनताईंनीच. मोसंबीला मनासारखा बहर हवा असेल तर झाडाचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. झाड उपाशी राहतं, वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. झाडाला वाटतं आता आपलं खरं नाही, आणि ते सगळा जोर फुलासाठी राखून ठेवतं. बरोबर वेळेला पाणी दिलं की झाड फुलांनी भरून जातं. याला ताण तोडणं म्हणतात.

“ताण काय, कुणीबी देतं,” सुमनताई म्हणाल्या. “पाणी बंद केलं की झालं. तोडायचा कधी, ते बघायला डोळे लागतात. लवकर तोडला तर फूल न्हाई, पालवीच फुटते. उशीर झाला तर फांद्या वाळतात, त्याला सल म्हणतो आम्ही. मंग झाड जातं. अन् तोडतानाबी एकदम पाणी न्हाई सोडायचं. पहिलं पाणी हलकं. आंबवणी म्हणतात त्याला. मंग दुसरं.”

“आता किती दिवस झाले?”

“तोडायचा दिवस मागच्याच हप्त्यात गेला,” त्यांनी नवऱ्याकडे न बघता सांगितलं. “हे म्हणले, मॅडम येईस्तोवर थांबू. बाग काढायचीच असली तर पाणी कशाला वाया घालायचं. मंग थांबून राह्यलो. रोज सकाळी येते, फांद्या वाकवून बघते.”

त्यांनी एक बारीक फांदी वाकवून दाखवली. ती वाकली. पुढची वाकवली. ती कडकन मोडली.

बारा वर्षांपूर्वी ही कलमं सुमनताईंनी स्वतः लावलेली, एकेका खड्ड्यात शेणखत भरून. हे मला इकबालभाईंनी नंतर सांगितलं. बाग काढायची की ठेवायची हे भागवतरावांच्या एका सहीवर होतं, आणि सही माझ्या एका वाक्यावर. इतका जड शब्द माझ्या तोंडात आजवर नव्हता. माझ्या घरी तर भाजी कोणती करायची यावरही माझं कुणी ऐकत नाही.

“मग मी आत्ताच सांगते,” मी म्हणाले. “ते होणार नाही. इथे तरी नाही.”

सुमनताईंचे डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. भागवतरावांनी हात हलवला. “आत्ता न्हाई मॅडम. उद्या कंपनीचा कार्यक्रम हाय, तिथं स्टेजवर सांगा. आत्ता सांगितलं तर हे घरातलं झालं. साहेबासमोर सांगा, मंग बराबर.”

मला हे अजब वाटलं. नाशिकला आम्ही जाहीर कार्यक्रमात गोड बोलतो आणि खरं काय ते पार्किंगमध्ये सांगतो. इथे शेतात सांगितलेलं खरं धरतच नव्हते, ते मांडवात सांगावं लागणार होतं.

दुपारी शेजारच्या ज्वारीत हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं, ती हातावर चोळून कोवळे हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. कणसं चोळायला माझे तळहात फार नाजूक निघाले. सुमनताईंनी माझ्या हातातली कणसं काढून घेतली आणि दाणे माझ्या पुढ्यात लोटले. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, पण मला उपाशी ठेवायचा बेत नव्हता.

“ह्या भागवत्याला म्हणलं मी,” इकबालभाई तोंडात दाणे टाकत म्हणाले, “लोखंड बनवायचं तर जालन्याला ये. हवेचं लोखंड कशाला?”

“इकबाल्या, तुला न्हाई कळणार. तू खिळे वाकडे करणारा माणूस.”

“खिळे सरळ करतो मी. वाकडे तू करतो, अन् घेऊन येतो.”

मांडव

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. शेताच्या कडेला मांडव, कमान, कमानीवर ‘नवयुगाचे स्वागत’. स्टेजवर तेरा खुर्च्या आणि सतरा मान्यवर. संचालक साहेब तिशीतले, जानेवारीच्या उन्हात ब्लेझर घालून घामाघूम. माणूस लबाड असेल अशी तयारी मी करून गेले होते. तो लबाड वाटला नाही. त्याने माझा लेख, म्हणजे ‘कदाचित’ काढलेला, मनापासून वाचला होता. भेटल्याबरोबर तो वाकून माझ्या पाया पडला. यामुळे माझं काम जास्तच अवघड झालं.

आधी दीपप्रज्वलन. वाऱ्याने वात तीनदा विझली. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा माझ्या तारेच्या चष्म्यावर घसरत होता. मान्यवरांनी एकमेकांचे सत्कार केले, आणि सत्कार संपले तेव्हा नारळ फिरून ज्याचे त्याच्याकडे आलेले होते. मग भाषणं. पहिल्या वक्त्याने सांगितलं की जालन्याने देशाला सळई दिली, आता जगाला हायड्रोजन देईल. दुसऱ्याने सांगितलं की हे आपल्या पूर्वजांना माहीत होतं. तिसऱ्याने पहिल्या दोघांचे आभार मानले. सूत्रसंचालक प्रत्येक दोन भाषणांमध्ये एक शेर म्हणत होते, आणि सगळे शेर प्रेमभंगाचे होते. संमतीपत्रांचा गठ्ठा टेबलावर वाट बघत होता. सह्या भाषणांनंतर, जेवणाआधी.

माझी पाळी आली तेव्हा मला पाच मिनिटं मिळाली. मी ठरवलं होतं तसं सरळ आकड्यांवर आले.

“हायड्रोजनला धातू करायला आपल्या हवेच्या दाबाच्या चाळीस-पन्नास लाख पट दाब लागतो,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या.

“थांबा. नव्वद वर्षांपूर्वी वाटलं होतं त्यापेक्षा हा दाब कितीतरी जास्त निघाला.”

आणखी टाळ्या. कुणीतरी शिट्टी वाजवली.

“काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेने जाहीर केलं, आम्ही तो केला, तो चमकला. इतर शास्त्रज्ञ म्हणाले, चमकलं ते कदाचित हिऱ्यावर लावलेलं लेपन असेल. पुन्हा तपासायच्या आत हिरा फुटला आणि नमुना नाहीसा झाला. इतका लहान होता की हरवला की विरला, हेही सांगता येईना.”

यालाही टाळ्या. हिरा फुटला यालाच सगळ्यात जास्त. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मांडवात शंका काढता येत नाही. माइकमधून जे जातं ते बाहेर पडताना गौरव होऊन पडतं. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळांनीही दावे केलेत, काही बरेच भक्कम आहेत, वाद अजून चालू आहे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं, तर सूत्रसंचालक उठून माझ्यासाठी शेर म्हणाले.

मी खाली बसणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूने सुमनताई उभ्या राहिल्या. माइक नव्हता. लागलाही नाही.

“मॅडम, मला एकच सांगा. दाब देऊन ते धातू झालं. मंग दाब काढल्यावर काय होतं?”

संचालक साहेब माइककडे झुकले. “ताई, तो तांत्रिक मुद्दा आहे. आपण नंतर...”

“मी मॅडमला विचारलं.”

मी परत उभी राहिले. फेटा काढून टेबलावर ठेवला, कारण त्याच्या आत उत्तर सुचत नव्हतं.

“हिरा जमिनीच्या पोटात दाबाखाली बनतो,” मी म्हणाले. “वर आला, दाब गेला, तरी हिराच राहतो. हायड्रोजनही तसाच धातू राहील, अशी काही शास्त्रज्ञांना आशा आहे. काहींचं गणित सांगतं, दाब सुटताक्षणी त्याची परत हवा होईल. कोण बरोबर, ते माहीत नाही. मला नाही, आणि जगात कुणालाच नाही. आजवर कुणी दाब सोडून तो धातू राहिलेला दाखवलेला नाही.”

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांच्या बागा ताणात होत्या, कुणाचा परवा तुटणार होता, कुणाचा कालच तुटला होता. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले:

“म्हणजे ताण द्यायचा माहीत हाय, तोडायचा माहीत न्हाई.”

आधी एक माणूस हसला. मग रांग हसली. मग मांडवच हसू लागला, बायका तोंडाला पदर लावून, म्हातारे गुडघ्यावर हात मारून. कुणीतरी मागून ओरडलं, “साहेब, तुमच्या झाडाला सल पडले!” इकबालभाई स्टेजच्या पायरीवर बसून डोळे पुसत होते. इतकी वर्षं मी वर्गात पदार्थांचा स्थैर्य-अस्थैर्याचा धडा शिकवला आणि तो इतक्या लोकांना एकदम समजलेला मी कधी पाहिला नव्हता. मीही हसू लागले. थोर शास्त्रज्ञाने स्टेजवर तसं हसू नये, पण फेटा आधीच उतरवलेला होता.

फक्त भागवतराव हसले नाहीत. ते उठून टेबलाजवळ आले. संमतीपत्रांच्या गठ्ठ्यातलं आपलं वरचं पान त्यांनी घेतलं, चार घड्या घातल्या आणि पत्रकाशेजारी खिशात ठेवलं. संचालक साहेबांना म्हणाले, “साहेब, जेवून जा. वरण-बट्टी हाय.”

साहेब जेवले. ब्लेझर काढून, मांडी घालून, दोनदा तूप घेऊन. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “मॅडम, हे दाब सोडण्याचं तुमच्या लेखात का नव्हतं?”

“होतं,” मी म्हणाले. “कदाचितमध्ये होतं.”

संध्याकाळी भागवतराव मला बांधावर भेटले. कमान उतरवायचं काम चालू होतं.

“मॅडम, थोडं तरी खरं असेल न?”

“बरंच खरं आहे,” मी म्हणाले. “गुरूवर आहे ते खरंच आहे. एखाद दिवशी इथेही होईल. पण त्याला वावर लागत नाही भागवतराव. तळहात पुरतो.”

त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. “मंग बाग असू द्यायला हरकत न्हाई.”

“काहीच नाही.”

“झालं तर कळवाल का?”

“पहिला फोन तुम्हाला.”

तेव्हा ते हसले. बारावीत फिजिक्सला सगळ्यात जास्त मार्क मिळाल्याच्या दिवशी हसले असतील, तसे.

ताण

फुलं आली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकाचा जीव टांगणीला नको. सुमनताईंनी नंतर फोनवर फोटो पाठवला. एकवीस झाडं गेली, बाकीची पांढरी झाली. फोटोत वास येत नाही, पण इकबालभाईंनी त्यासाठी वेगळा फोन करून वास कसा येतोय ते दहा मिनिटं वर्णन करून सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी ताण तोडायचा होता. भागवतरावांना तो साधेपणाने तोडणं पटेना. आदल्या दिवशी उरलेला हार त्यांनी विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीला घातला. सुमनताईंनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, माझी ओटी भरली. शेजारचे दहा-बारा बागवाले आले होते. आजोबाही होते. इकबालभाईंनी पाइपांचे जोड तपासून मान हलवली. सुमनताई पहिल्या झाडाशी जाऊन उभ्या राहिल्या, आळ्याच्या कडेला, हात जोडून.

भागवतरावांनी छोटं भाषण केलं. मॅडम नाशिकहून आल्या, त्यांनी जगात कुणाला माहीत नाही ते आपल्याला सांगितलं, तेव्हा विज्ञानाच्या साक्षीने हे पाणी त्यांच्याच हातून सुटावं. मला खरोखर भरून आलं. पेटीवर दोन बटणं होती, एक हिरवं, एक लाल. मी पदर खोचला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हिरवं बटण दाबलं.

लाइन नव्हती. त्या हप्त्यात शेतीची लाइन दुपारी अडीचला येत होती. अडीचला मी जालन्याच्या स्टेशनवर होते, मोटार सुमनताईंनी सुरू केली.